तीन इमेज, तीन दुखणी: जुनी मशीन नव्या होस्टवर का उठत नाहीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तुम्ही एकटेच सर्व्हर सांभाळता. जुन्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ६.७ होतं आणि त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) चालायची: ईआरपीचं (कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) विंडोज सर्व्हर २००८ आर२ आणि सेंटॉस ७ या लिनक्सवरचा डेटाबेस. आता सेकंडहँड सर्व्हर घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्स ७ (तसंच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर) टाकलंत, दोन्ही व्हीएमडीके फाइली, म्हणजे व्हीएमवेअरच्या डिस्क, प्रॉक्समॉक्सच्या क्यूकाऊ२ रूपात करून घेतल्यात आणि सॉफ्टवेअरवाल्याने दिलेली रॉकी लिनक्स ९ ची तयार इमेजही (पूर्ण मशीनची डिस्क एका फाइलमध्ये) चढवलीत. तिन्हींपैकी एकही उठेना. विंडोज निळा पडदा दाखवून पुन्हा रीस्टार्ट होतंय, सेंटॉस ड्रॅकट या बूटच्या साधनाच्या प्रॉम्प्टवर अडकतंय, रॉकी कर्नल पॅनिक देतंय, म्हणजे सिस्टिमचा गाभाच थांबतोय. तुम्ही विचारता की कॉपी करताना इमेज बिघडल्या का, आणि कोणत्या व्हर्जनची इमेज कोणत्या व्हर्च्युअल मशीनवर चालते याचा तक्ता कुठे मिळेल.

इमेज बिघडलेल्या नाहीत. तिन्ही मशीन बूटलोडर ओलांडून पुढे गेल्यात, म्हणजे डिस्क वाचता येतेय. जी तक्रार पडद्यावर दिसतेय ती न जुळल्याची आहे, आणि तिघींचं न जुळणं वेगवेगळ्या जागी आहे. म्हणूनच तुम्हाला हवा तसा एकच तक्ता नाही. इमेजच्या व्हर्जनकडे पाहून मशीन ठरत नाही. ती इमेज ज्या मशीनवर इन्स्टॉल झाली त्याचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा दाखवला होता, डिस्क कोणत्या कंट्रोलरवर (डिस्क जोडणाऱ्या भागावर) होती, बूट जुन्या पद्धतीच्या बायोसने होत होतं की नव्या यूईएफआयने, हे सगळं तिच्या आत मुरलेलं असतं. नवीन मशीन बनवताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जातो आणि इथेच घोडं अडतं.

रॉकीपासून सुरुवात करू, कारण ते पाच मिनिटांत सुटतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॅनिकच्या वर एक ओळ आहे, ती बहुतेक जण वाचतच नाहीत. नजर थेट खालच्या ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’वर जाते. वरची ओळ सांगते की सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ ला सपोर्ट करत नाही. आजार तिथेच लिहिलाय. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ (पुढे नुसतं रेड हॅट ९) आणि तिच्यावरून बनलेल्या रॉकी, अल्मा या सगळ्या व्ही२ पातळी गृहीत धरून कंपाइल केलेल्या आहेत. त्या पातळीत एसएसई ४.२, पॉपकाउंट अशा सूचना (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा) येतात आणि इंटेलच्या २००८ च्या नेहेलेम पिढीपासून त्या प्रोसेसरमध्ये आहेत. तुमच्या सेकंडहँड सर्व्हरचा ई५-२६५० व्ही२ प्रोसेसर त्याहून बराच नवा आहे. मग तक्रार का? कारण गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनला, खरा प्रोसेसर दिसतच नाही. प्रॉक्समॉक्स ७ मध्ये नवीन मशीनला डिफॉल्ट म्हणून ‘केव्हीएम६४’ नावाचा प्रोसेसर मिळतो, आणि तो मुद्दाम अगदी जुन्या, कुठेही चालेल अशा प्रोसेसरची नक्कल करतो. कर्नल त्यावर सुरू होतो, पण पहिला प्रोग्राम चालवायला घेतला की जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी त्या प्रोसेसरला नकार देते, तो प्रोग्राम मरतो आणि कर्नल हात टेकतो.

मशीन बंद करून प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ करा आणि सुरू करा. तुमच्याकडे एकच सर्व्हर आहे, त्यामुळे ‘होस्ट’ हेच योग्य. उद्या दुसरा सर्व्हर घेऊन चालू मशीन इकडून तिकडे हलवायचं झालं, तर मात्र दोघांना पेलेल अशी पातळी निवडावी लागेल. प्रॉक्समॉक्स ८ पासून डिफॉल्टच ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ झालंय, म्हणून नव्याने टाकणाऱ्यांना हा त्रास दिसत नाही. पण ७ वरून ८ ला गेलात तरी आधी बनवलेली मशीन जुन्याच केव्हीएम६४ वर राहतात, हे ध्यानात ठेवा.

एक गल्लत इथे हमखास होते. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला ‘व्ही२’ आणि एक्स८६-६४ मधला ‘व्ही२’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ई५-२६०० व्ही२ ही २०१३ ची पिढी, आयव्ही ब्रिज. तिच्यात एव्हीएक्स हा सूचनांचा संच आहे, पुढचा एव्हीएक्स२ नाही. त्यामुळे रेड हॅट ९ च्या इमेज तुमच्याकडे चालतील, पण रेड हॅट १० च्या नाहीत, कारण त्यांना एक्स८६-६४-व्ही३ लागतं आणि त्यासाठी हॅसवेल पिढी, म्हणजे सर्व्हरमध्ये ई५-२६०० व्ही३ किंवा पुढचा प्रोसेसर हवा. तिथे ‘होस्ट’ निवडून काही होणार नाही, कारण हार्डवेअरमध्येच ती सूचना नाही. सॉफ्टवेअरवाला पुढच्या वर्षी ‘दहावरची इमेज देतो’ म्हणाला, तर आत्ताच त्याला प्रोसेसर सांगून ठेवा. अल्मा लिनक्स १० ची व्ही२ साठी वेगळी बांधणी मिळते, तिच्यावर त्याचं सॉफ्टवेअर चालतं का हे त्याने तपासून सांगावं. आपल्याकडे शिरोली, कागल, गोकुळ शिरगावात सेकंडहँड सर्व्हर भरपूर येतात आणि घेणारा रॅम किती, डिस्क किती एवढंच विचारतो. माझं सांगणं आहे की प्रोसेसरची पिढी आधी विचारा. रॅम नंतर वाढवता येते.

याच जातीचं दुसरं उदाहरण मोंगोडीबी या डेटाबेसचं. ५.० पासून तिला एव्हीएक्स लागतं. मशीन नीट उठतं, लॉगिन होतं, फक्त डेटाबेसची सर्व्हिस ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडते आणि माणूस दोन दिवस परमिशन तपासत बसतो. दोष प्रोसेसरच्या प्रकारातच असतो.

आता सेंटॉस. बूट होताना सगळ्यात आधी जी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत येते, ती सेंटॉस ७ मध्ये ड्रॅकट बनवतं आणि जागा वाचवण्यासाठी त्यात फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरतं. तुमची इमेज व्हीएमवेअरवर वाढली, म्हणून तिच्यात व्हीएमवेअरच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आहे. तुम्ही डिस्क व्हर्टआयओवर (प्रॉक्समॉक्सच्या व्हर्च्युअल कंट्रोलरवर) लावलीत. ड्रॅकट रूट डिस्क शोधत राहतं, दीड-दोन मिनिटं ‘टाइमआउट’च्या ओळी टाकतं आणि शेवटी प्रॉम्प्टवर सोडतं. ग्रब या बूटलोडरच्या मेनूत सर्वांत खाली ‘रेस्क्यू’ नावाची नोंद असते, तिथून बूट करा. त्या नोंदीतली फाइल इन्स्टॉल करतानाच सगळे ड्रायव्हर घालून बनवलेली असते, त्यामुळे तिला व्हर्टआयओ सापडतं. आत गेल्यावर नेहमीच्या कर्नलचं व्हर्जन सांगून ड्रॅकट पुन्हा चालवा. व्हर्जन सांगायलाच हवं. रेस्क्यूचा कर्नल इन्स्टॉलच्या दिवशीचा असतो, आणि न सांगता चालवलंत तर ड्रॅकट त्याच जुन्या कर्नलसाठी फाइल बनवेल आणि तुम्ही पुन्हा त्याच प्रॉम्प्टवर याल.

रेस्क्यूची नोंद कुणीतरी पुसली असेल तर दुसरी वाट आहे. प्रॉक्समॉक्सच्या कंट्रोलरच्या यादीत ‘व्हीएमवेअर पीव्हीएससीएसआय’ही आहे. मूळ मशीनवर डिस्क त्याच प्रकारच्या कंट्रोलरवर असेल तर तो निवडून मशीन उठवा, ड्रॅकटला व्हर्टआयओचे ड्रायव्हर नाव घेऊन भरायला सांगा, मग कंट्रोलर बदला.

उठल्यावर नेटवर्क मिळणार नाही, घाबरू नका. व्हीएमवेअरमध्ये कार्डाचं नाव बहुधा ‘ईएनएस१९२’ असतं, प्रॉक्समॉक्समध्ये ते ‘ईएनएस१८’ होतं, आणि सेटिंगची फाइल अजून जुन्या नावाची वाट पाहत असते. फाइलचं नाव आणि आतली नावं बदला, त्यात जुना मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) लिहिला असेल तर तोही. सेंटॉस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय, तेव्हा हा डेटाबेस पुढे कुठे न्यायचा याचा विचार सुरू करा. पण आधी तो उठू दे.

विंडोजचं प्रकरण थोडं नाजूक आहे. निळ्या पडद्यावरचा कोड ०एक्स७बी असणार, म्हणजे बूट डिस्कपर्यंत पोहोचता येत नाही. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर मुळात नसतोच. इथे बरेच जण दुरुस्तीची सीडी घालून बूट रेकॉर्ड पुन्हा लिहायला घेतात. ते करू नका, चांगलं असलेलं बिघडतं. असं करा: मशीनचा प्रकार आय४४०एफएक्स ठेवा, क्यू३५ नको, आणि सिस्टिमची डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवर लावा. व्हीएमवेअरमध्ये सीडी ड्राइव्ह बहुधा आयडीईवर असायचा, त्यामुळे त्या विंडोजला आयडीईचा ड्रायव्हर आधीपासून ओळखीचा असतो आणि सहसा ते मुकाट उठतं. हळू चालेल, चालू दे. मग एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) लावा आणि विंडोजला ती नवी डिस्क दाखवून ड्रायव्हर बसवू द्या. ती डिस्क डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसली की मशीन बंद करा, रिकामी डिस्क काढा, सिस्टिमची डिस्क आयडीईवरून सोडवून व्हर्टआयओवर लावा आणि बूटच्या क्रमात तिला वर आणा. ही रिकामी डिस्क महत्त्वाची आहे. नुसता ड्रायव्हर कॉपी होऊन भागत नाही. ते हार्डवेअर एकदा समोर दिसल्यावरच विंडोज तो ड्रायव्हर बूटच्या वेळी उचलायच्या यादीत टाकतं.

इथे व्हर्जन खरोखर जुळवावं लागतं. ड्रायव्हरची सगळ्यात नवी आयएसओ २००८ आर२ ला उपयोगाची नाही, ०.१.१७३ ही जुनी आवृत्ती घ्या. आणि शक्य असेल तर जुन्या सर्व्हरवर असतानाच व्हीएमवेअर टूल्स काढून टाका. व्हीएमवेअरबाहेर आल्यावर ती नीट निघत नाहीत. कुणी तुम्हाला मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही सुचवलंच, तर २००८ आर२ साठी जनरेशन १ चंच मशीन बनवावं लागेल. जनरेशन २ यूईएफआयवर चालतं आणि त्याला विंडोज सर्व्हर २०१२ किंवा पुढचं लागतं. एकदा बनवलेल्या मशीनची जनरेशन नंतर बदलता येत नाही.

तुम्ही तक्ता मागितलात, तर एक तक्ता खरोखर आहे, तो व्हीएमवेअरच्या हार्डवेअर व्हर्जनचा, म्हणजे मशीनला कोणत्या पिढीचं हार्डवेअर दाखवायचं त्या आकड्याचा. ईएसएक्सआय ५.५ ला १०, ६.० ला ११, ६.५ ला १३, ६.७ ला १४ आणि त्याच्या दुसऱ्या अपडेटला १५. पुढे ७.० ला १७, पहिल्या अपडेटला १८, दुसऱ्याला १९. मग ८.० ला २० आणि त्याच्या दुसऱ्या अपडेटला २१. मधले १२ आणि १६ हे आकडे डेस्कटॉपवरच्या वर्कस्टेशनचे. होस्ट आपल्या आकड्यापर्यंतचं आणि त्याखालचं मशीन चालवतो, वरचं उघडतच नाही. प्रॉक्समॉक्सला या आकड्याशी काही देणंघेणं नाही, म्हणून तुमच्या आजच्या अडचणीत तो कुठे आडवा येत नाही. पण तुमच्या जुन्या ६.७ वर १९ ची ओव्हीए (एका फाइलमध्ये बांधून दिलेलं मशीन) चढवायला गेलात तर नकार मिळेल. तेव्हा ज्याने इमेज दिली त्याच्याकडे कमी आकड्याची मागा. तिच्या आतल्या ओव्हीएफ या वर्णनाच्या फाइलमध्ये आकडा हाताने खाली आणता येतो, पण मग सोबतच्या मॅनिफेस्टमधली पडताळणीची बेरीज (चेकसम) जुळत नाही, तीही पुन्हा काढावी लागते.

हा आकडा माझ्या एकदा चांगलाच अंगाशी आला होता. २०१७-१८ चा गळीत हंगाम, जिल्ह्यातला एक साखर कारखाना. ऊस काट्याचं सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनवर होतं. मुख्य होस्ट ६.५ चा आणि राखीव होस्ट ५.५ चा, दोघांना एकच स्टोरेज. हंगामाआधी मी मुख्य होस्टवरच्या मशीनचं हार्डवेअर व्हर्जन १० वरून १३ केलं, कारण स्क्रीनवर ‘अपग्रेड उपलब्ध’ दिसत होतं. दुसरं कोणतंही कारण नव्हतं. डिसेंबरात एका पहाटे मुख्य होस्टचा मदरबोर्ड गेला. राखीववर मशीन लावलं तर ते करडं दिसतंय, सुरू करायचं बटणच उमटत नाही. फोनवर काट्याचा क्लार्क सांगतोय, “साहेब, गेटच्या बाहेर ट्रॅक्टरची रांग रस्त्याला लागली. हातानं पावत्या लिहितोय, पण किती लिहू?” थंडीत उसावर बसून आलेली माणसं खाली उतरून उभी होती. मशीनची डिस्क शाबूत, स्टोरेज शाबूत, आणि माझ्या एका अनावश्यक क्लिकमुळे सगळं थांबलेलं. दोन तास मी मदरबोर्डच्या मागे होतो. मग ध्यानात आलं की डिस्कला या आकड्याचं बंधन नाही, बंधन मशीनच्या वर्णनाला आहे. राखीववर व्हर्जन १० चं नवीन मशीन बनवलं, कंट्रोलर मूळचाच निवडला, जुनीच डिस्क जोडली आणि पंधरा मिनिटांत काटा सुरू झाला. तेव्हापासून गरज असल्याशिवाय, आणि राखीव होस्टचा आकडा पाहिल्याशिवाय, मी हार्डवेअर व्हर्जन वाढवत नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. नव्या मशीनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि मॅक पत्ता वेगळा झाला होता आणि काट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्यावरच बांधलेलं होतं. सुदैवाने जुनी व्हीएमएक्स फाइल, म्हणजे मशीनचं वर्णन, स्टोरेजवर होती, त्यातून दोन्ही उचलले. तुमच्या ईआरपीचं लायसन्सही असंच बांधलेलं असू शकतं. प्रॉक्समॉक्समध्ये दोन्ही हाताने भरता येतात.

ही व्हीएमएक्स फाइल दोन-तीन केबीची असते आणि तीच लोक मागे सोडतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात शाहूपुरीतल्या एका पेढीत पाणी शिरलं. पाणी वाढायच्या आदल्या रात्री त्यांच्या मुलाने सर्व्हरवरच्या मोठ्या फाइली एक्स्टर्नल डिस्कवर घेतल्या होत्या, त्यामुळे हिशेब वाचले. त्याने योग्य तेच केलं. फक्त ‘फ्लॅट’ नावाची मोठी फाइल आणली आणि शेजारची व्हीएमएक्स आणि अर्ध्या केबीची व्हीएमडीके फाइल किरकोळ समजून सोडली. त्या छोट्या व्हीएमडीकेमध्येच लिहिलेलं असतं की डिस्कचा आकार किती, कंट्रोलरचा प्रकार कोणता आणि हार्डवेअर व्हर्जन काय. बूट बायोसने की यूईएफआयने, हे व्हीएमएक्समध्ये असतं; ते आम्हाला इमेजच्या आत डोकावून काढावं लागलं. फ्लॅट फाइल म्हणजे कच्ची डिस्कच, म्हणून पार्टिशनची यादी वाचता आली. जीपीटी (पार्टिशनची नवी मांडणी) आणि सुरुवातीला छोटी ईएफआयची पार्टिशन दिसली, म्हणजे यूईएफआय. तशी पार्टिशन नसून एमबीआर ही जुनी मांडणी असती तर बायोस धरायचा. बायोसचं मशीन बनवलं असतं तर काळ्या पडद्यावर ‘बूट डिस्क नाही’ एवढंच दिसलं असतं, आणि घरात चिखल काढणाऱ्या त्या माणसांना आम्ही डेटा गेला असं सांगून बसलो असतो.

म्हणून जुना सर्व्हर अजून चालू होत असेल तर आजच दोन्ही मशीनच्या फोल्डरमधली व्हीएमएक्स उघडून वाचा. साधी टेक्स्ट फाइल आहे. त्यात फर्मवेअरची ओळ शोधा. ‘ईएफआय’ लिहिलं असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये ओव्हीएमएफ (त्याचं यूईएफआय) निवडा, ओळच नसेल तर बायोस. ‘स्कझी शून्य’ या डिस्क कंट्रोलरचा प्रकार पाहा, म्हणजे सेंटॉसची पीव्हीएससीएसआयची वाट खुली आहे का ते कळेल. यूयूआयडी आणि मॅकच्या ओळी वहीत नव्हे, इमेजच्याच फोल्डरमध्ये एका फाइलमध्ये उतरवा आणि ती फाइल इमेजबरोबर हलवत जा.

क्यूकाऊ२ चं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण व्हर्जनचा शब्दशः घोळ तिथेच होतो. तिच्या आत दोन पिढ्या आहेत, ०.१० आणि १.१. आज बनणारी फाइल १.१ ची असते, आणि तिच्या आत ती ‘व्हर्जन ३’ म्हणून नोंदलेली असते. तुमच्या प्रॉक्समॉक्सला ती चालते, पण रेड हॅट ६ काळच्या केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअल मशीन चालवणारं इंजिन) होस्टवर नेलीत तर तो ‘क्यूकाऊ व्हर्जन ३’ कळत नाही म्हणून थांबतो. बदलताना ०.१० मागितली की काम होतं.

क्रम असा ठेवा. आज रॉकीचा प्रोसेसर बदला. सेंटॉस संध्याकाळच्या शिफ्टनंतर घ्या, आणि ड्रॅकटआधी स्नॅपशॉट काढा. विंडोजला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच हात लावा, मूळ व्हीएमडीके न बदलता तिच्या कॉपीवर. महिनाअखेरीचं बिलिंग एकदा नव्या सर्व्हरवरून पार पडेपर्यंत जुना सर्व्हर भंगारवाल्याला देऊ नका. आयडीईवरही विंडोजने ०एक्स७बीच दाखवला, तर व्हीएमएक्समधल्या स्कझीच्या ओळी इथे लिहून कळवा. मग रजिस्ट्रीतून आयडीईचा ड्रायव्हर कसा जागा करायचा ते त्या ओळी पाहून सांगतो.